शीफ कोहोमॉलॉजी व द्वैत

शीफ कोहोमॉलॉजी व द्वैत : एखाद्या भूमितीय आकृतीच्या लहान लहान भागांवर मिळालेली माहिती जोडून संपूर्ण आकृतीवर एकच सुसंगत माहिती तयार करता येते किंवा नाही, आणि येत नसल्यास अडथळा किती व कोणत्या स्वरूपाचा आहे, हे मोजण्याच्या गणितीय पद्धतीस शीफ कोहोमॉलॉजी म्हणतात. हा अडथळा दुसऱ्या एका, बहुधा अधिक परिचित अशा, राशींच्या संचाच्या साहाय्याने पूर्णपणे ओळखता येतो, असे सांगणाऱ्या प्रमेयांना द्वैत प्रमेये म्हणतात. बहुपदी समीकरणांनी ठरणाऱ्या वक्र, पृष्ठ इ. आकृत्यांचा अभ्यास म्हणजे बैजिक भूमिती होय. या शास्त्राची मांडणी १९४५ ते १९६५ या वीस वर्षांत वरील दोन कल्पनांच्या आधारे नव्याने झाली.

या घडामोडीशी महाराष्ट्राचा संबंध दुहेरी आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ही पद्धती तिच्या उदयानंतर थोड्याच वर्षांत पोहोचली व तेथे तिच्यात मोलाची भर पडली. दुसऱ्या बाजूस मराठी गणितज्ञ श्रीराम शंकर अभ्यंकर (१९३०–२०१२) यांनी त्याच शास्त्रात बहुपदींच्या प्रत्यक्ष हाताळणीची जुनी वाट आग्रहाने चालू ठेवली. अमूर्त साधन श्रेष्ठ की प्रत्यक्ष गणन, हा वाद या दोन वाटांच्या मुळाशी आहे व विषयाचे मर्म त्यातून चांगले उलगडते.

संज्ञा व मूळ कल्पना : ‘शीफ’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ कापलेल्या पिकाची पेंढी असा आहे. ज्या फ्रेंच शब्दाचे ते भाषांतर आहे, त्याचाही अर्थ जुडी किंवा मोळी असाच होतो. परिभाषेतील इतर शब्दही शेतीतूनच आलेले आहेत. एका बिंदूच्या अगदी जवळच्या माहितीस ‘अंकुर’ व त्या बिंदूवरील सर्व अंकुरांच्या समूहास ‘ताट’ अशा अर्थाचे शब्द योजले जातात. ज्वारीची ताटे बांधून कडब्याची पेंढी होते, त्याप्रमाणे सर्व बिंदूंवरील ताटे एकत्र बांधून शीफ तयार होतो. मात्र नुसती ताटे पुरेशी नसतात. शेजारच्या बिंदूंवरील माहिती एकमेकींशी कशी जुळते, हा बांधणीचा भाग महत्त्वाचा असतो.

अडथळा म्हणजे काय, हे भूमापनाच्या एका काल्पनिक उदाहरणावरून स्पष्ट होईल. नांदेड, लोहा, अहमदपूर, लातूर, उदगीर व मुखेड अशी सहा ठिकाणे एका फेरीत येतात, असे मानू. प्रत्येक ठिकाणच्या मोजणी पथकाने आपापल्या भागातील उंची स्वतःच्या खुणेच्या दगडापासून मोजली आहे. लगतच्या दोन पथकांचे भाग शिवेवर एकमेकांत थोडे मिसळतात. तेथे दोघांच्या आकड्यांतील फरक सर्वत्र सारखाच येतो, म्हणून तो एका संख्येने नोंदविता येतो. असे सहा फरक मिळतात. प्रत्येक खुणेच्या दगडाला योग्य उंची देऊन सहाही नोंदी एका मापात आणता येतील काय? नांदेडहून निघून लातूरमार्गे पुन्हा नांदेडला येताना त्या सहा फरकांची चिन्हांसह बेरीज शून्य होत असेल, तरच ते शक्य आहे. बेरीज शून्य नसेल, तर कोणत्याही दोन शेजाऱ्यांत तंटा नसूनही संपूर्ण फेरीचा हिशेब कधीच जुळणार नाही. ही उरलेली संख्या म्हणजे पहिल्या पातळीवरील कोहोमॉलॉजी होय. मधल्या मुलखात सातवे पथक असेल व जेथे तीन पथकांचे भाग एकत्र येतात अशा प्रत्येक जागी तिघांचे फरक परस्परांशी जुळत असतील, तर फेरीची बेरीज आपोआप शून्य होते. म्हणजेच अडथळा हा मुलखाच्या मध्यभागी असलेल्या ‘पोकळी’मुळे निर्माण झालेला होता. माहितीच्या साहाय्याने अवकाशाचा आकार व आकाराच्या साहाय्याने माहितीच्या मर्यादा समजतात, हे या पद्धतीचे सार आहे.

बैजिक भूमितीत उंचीच्या आकड्यांच्या जागी बहुपदींच्या भागाकारांनी बनलेली फलने असतात, आणि एका संख्येऐवजी अडथळ्यांचे सदिश अवकाश मिळतात. शून्याव्या पातळीवरील अवकाश संपूर्ण आकृतीवर खरोखर अस्तित्वात असलेल्या फलनांचे असते, तर पहिल्या व पुढील पातळ्यांवरील अवकाश अडथळ्यांची नोंद ठेवतात.

पूर्वपीठिका : या कल्पनांचे मूळ बेर्नहार्ट रीमान (१८२६–६६) यांच्या १८५७ मधील आबेलीय फलनांवरील निबंधात आहे. सदसत् संख्यांवरील बैजिक वक्र हा द्विमितीय पृष्ठासारखा असतो व त्यास काही छिद्रे असतात. या छिद्रांच्या संख्येस जीनस म्हणतात. वक्रावरील न बिंदूंवर फलनास साधा ध्रुव असण्याची, म्हणजे तेथे ठराविक रीतीने अनंत होण्याची, मुभा दिली, तर अशी किती स्वतंत्र फलने मिळतात? ती निदान न + १ − ग इतकी असतात, असे रीमान यांनी दाखविले. येथे ग हा जीनस आहे. ‘निदान’ या शब्दात दडलेली तूट त्यांचे विद्यार्थी गुस्टाफ रॉख (१८३९–६६) यांनी १८६५ मध्ये भरून काढली. त्यांच्या मते,

फलनांची संख्या = न + १ − ग + द

असून द ही त्या न बिंदूंवर शून्य होणाऱ्या स्वतंत्र अवकल रूपांची संख्या आहे. फलनांविषयीच्या प्रश्नाचे उत्तर अवकल रूपांच्या मोजणीवर अवलंबून असावे, ही त्या काळी विस्मयकारक वाटणारी गोष्ट होती. द्वैताचा हा पहिला आविष्कार होय. रीमान व रॉख हे दोघेही १८६६ मध्येच क्षयाने मृत्यू पावले. रॉख त्या वेळी सत्तावीस वर्षांचेही नव्हते. पुढे १८८२ मध्ये रिखार्ट डेडेकिंट व हाइन्रिख वेबर यांनी हेच प्रमेय निव्वळ बीजगणिताच्या आधारे मांडले.

वक्रांकडून पृष्ठांकडे वळताच अडचणी वाढल्या. ग्वीदो कास्तेलनूओव्हो (१८६५–१९५२), फेदेरीगो एन्रीक्वेस (१८७१–१९४६) व फ्रान्चेस्को सेव्हेरी (१८७९–१९६१) यांच्या इटालियन संप्रदायाने पृष्ठांचे वर्गीकरण मोठ्या अंतर्दृष्टीने केले. तथापि त्यांच्या सूत्रांत काही ‘दुरुस्तीच्या संख्या’ येत. त्यांचा उगम स्पष्ट नसे आणि काही सिद्धतांचा पायाही पुरेसा भक्कम नसे. रोममध्ये शिकून १९२७ मध्ये अमेरिकेत गेलेले ऑस्कर झारिस्की (१८९९–१९८६) यांनी १९३५ मध्ये या संप्रदायाच्या कार्याचा आढावा घेणारा ग्रंथ लिहिला. ते लिहितानाच जुन्या सिद्धतांविषयी त्यांचा विश्वास डळमळीत झाला व त्यांनी क्रमनिरपेक्ष वलयांच्या बीजगणितावर हे शास्त्र नव्याने उभारण्याचे काम हाती घेतले. त्या दुरुस्तीच्या संख्या म्हणजे पहिल्या पातळीवरील कोहोमॉलॉजीच्या मिती होत, हा उलगडा मात्र आणखी वीस वर्षांनी झाला.

शीफांचा उदय : शीफाची कल्पना युद्धबंद्यांच्या छावणीत जन्मली. फ्रेंच गणितज्ञ झां लरे (१९०६–९८) हे १९४० मध्ये जर्मनांच्या हाती सापडले व ऑस्ट्रियातील एडेलबाख येथील छावणीत १९४५ पर्यंत बंदिवान होते. द्रायुयामिकी हा त्यांचा खरा विषय. परंतु त्याचा उपयोग जर्मन युद्धयंत्रणेस होऊ नये म्हणून त्यांनी आपले ते ज्ञान लपविले व छावणीत चालविलेल्या विद्यापीठात संस्थितिविज्ञान शिकविले. या सक्तीच्या विषयांतरातून त्यांनी १९४५–४६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधांतील नवी साधने निर्माण झाली. आंरी कार्तां (१९०४–२००८) यांच्या पॅरिसमधील परिसंवादात १९४८ पासून त्यांना सुबक रूप मिळाले. अनेक सदसत् चलांच्या फलनांविषयी जपानमध्ये कियोशी ओका (१९०१–७८) यांनी सिद्ध केलेली अवघड प्रमेये शीफांच्या भाषेत थोडक्यात मांडता येतात, असे कार्तां यांनी दाखवून दिले.

बैजिक भूमितीत या साधनाचा निर्णायक प्रवेश झां-प्येर सेर (जन्म १९२६) यांच्या १९५५ मधील ‘संसक्त बैजिक शीफ’ या विषयावरील निबंधाने झाला. वैश्लेषिक फलनांसाठी घडविलेले साधन कोणत्याही क्षेत्रावरील बहुपदींनाही लागू करता येते, हे त्यातून सिद्ध झाले. सदसत् संख्यांवरील बैजिक व वैश्लेषिक या दोन्ही मार्गांनी काढलेली उत्तरे प्रक्षेपीय आकृत्यांच्या बाबतीत एकच येतात, हे त्यांनी १९५६ मध्ये दाखविले. याच सुमारास कुनिहिको कोदायरा (१९१५–९७) यांनी विशिष्ट परिस्थितीत वरच्या पातळ्यांवरील सर्व अडथळे नाहीसे होतात, असे लोपप्रमेय १९५३ मध्ये सिद्ध केले आणि फ्रीड्रिख हिर्ट्‌सेब्रूख (१९२७–२०१२) यांनी रीमान–रॉख प्रमेय सर्व मितींसाठी व्यापक केले.

द्वैत : वक्रावर काही बिंदू निवडून प्रत्येक बिंदूपाशी फलनाने कसे अनंत व्हावे, हे आधीच ठरवून दिले, तर तसे फलन प्रत्यक्षात असते काय? कोणत्याही अवकल रूपाच्या सर्व बिंदूंवरील अवशेषांची बेरीज शून्य होते, हे कोशी यांच्या समाकल सिद्धांतावरून मिळते. म्हणून इष्ट फलन असल्यास ते ध्रुवरहित अशा प्रत्येक अवकल रूपाने गुणून घेतलेल्या अवशेषांची बेरीज शून्य आलीच पाहिजे. या झाल्या आवश्यक अटी व त्या ग इतक्या असतात. त्या पुरेशाही आहेत, यांखेरीज दुसरा कोणताही अडथळा नाही, हे द्वैत प्रमेयाचे म्हणणे आहे. भूमापनाच्या उदाहरणात फेरीची बेरीज घेणे ही एकच कसोटी होती. येथे प्रत्येक अवकल रूप ही एकेक कसोटी होते व कसोट्यांची यादी पूर्ण आहे, याची हमी द्वैत देते. एखादी गोष्ट का जमत नाही याच्या कारणांची यादी पूर्ण झाली, की ती केव्हा जमते हेही कळते. द्वैताचे व्यावहारिक सामर्थ्य यात आहे.

सेर यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रमेयाने हे तत्त्व सर्व मितींत नेले. असाधारण बिंदू, म्हणजे टोक, छेद वा घडी असलेले बिंदू, नसलेल्या प्रक्षेपीय आकृतीवर एका पातळीवरील कोहोमॉलॉजी ही पूरक पातळीवरील दुसऱ्या कोहोमॉलॉजीची द्वैती असते. पृष्ठाच्या बाबतीत शून्यावी पातळी दुसरीशी व पहिली पातळी पहिलीशीच जोडली जाते. या जोडणीत सर्वोच्च मितीच्या अवकल रूपांचा शीफ मध्यस्थ असतो.

आलेक्सांद्र ग्रोतेंदीक (१९२८–२०१४) यांनी १९५७ पासून या विषयास सर्वांत व्यापक रूप दिले. एकेका आकृतीऐवजी एका आकृतीचे दुसरीवर होणारे चित्रण हा त्यांनी अभ्यासाचा घटक मानला, त्यामुळे द्वैत आकृतींच्या संपूर्ण कुटुंबाला एकदम लागू झाले. असाधारण बिंदू असलेल्या आकृत्यांसाठी अवकल रूपांच्या शीफाऐवजी शीफांची एक साखळी मध्यस्थ म्हणून घ्यावी लागते. तिचा हिशेब ठेवण्यासाठी त्यांचे शिष्य झां-लुई व्हेर्दिए (१९३५–८९) यांनी नवी चौकट तयार केली. ग्रोतेंदीक यांच्या टिपणांवर आधारलेला परिसंवाद रॉबिन हार्टशोर्न यांनी १९६३–६४ मध्ये हार्व्हर्ड येथे चालविला व १९६६ मध्ये तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. ग्रोतेंदीक यांच्याच प्रेरणेने निर्माण झालेल्या दुसऱ्या प्रकारच्या कोहोमॉलॉजीच्या आधारे प्येर दलीन्य यांनी आंद्रे व्हेय यांच्या अटकळींपैकी शेवटची व सर्वांत अवघड अटकळ १९७४ मध्ये सिद्ध केली.

मुंबईतील अभ्यास : होमी भाभा यांनी १९४५ मध्ये स्थापन केलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत के. चंद्रशेखरन (१९२०–२०१७) हे १९४९ मध्ये आले व त्यांनी तेथील गणित विभागाची घडी बसविली. जगातील अग्रगण्य गणितज्ञांना व्याख्यानांसाठी बोलवावयाचे व त्या व्याख्यानांची टिपणे तरुण संशोधकांनी तयार करून छापावयाची, अशी त्यांची पद्धत होती. टिपणे काढणाऱ्यास विषय मुळापासून समजून घ्यावा लागे, त्यामुळे हे काम म्हणजेच एक प्रकारचे शिक्षण होते. क्लिफर्ड ह्यू डाउकर (१९१२–८२) यांची शीफ सिद्धांतावरील व्याख्याने १९५६–५७ च्या सुमारास येथे झाली. सेर यांचा निबंध त्या वेळी जेमतेम वर्ष-दोन वर्षांचा होता. संस्था तेव्हा गेटवेजवळील जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत होती. कुलाब्याच्या वास्तूचे उद्‌घाटन १९६२ मध्ये झाले.

सी. एस. शेषाद्री (१९३२–२०२०) व एम. एस. नरसिंहन (१९३२–२०२१) हे दोघेही मद्रासहून १९५३ मध्ये या संस्थेत आले. सेर यांनी आपल्या १९५५ च्या निबंधात एक प्रश्न अनुत्तरित ठेवला होता. भूमितीच्या भाषेत तो असा : सरळ, न वळलेल्या बैजिक अवकाशावर प्रत्येक बिंदूशी एकेक सदिश अवकाश सुसंगतपणे जोडला, तर ती रचना नेहमीच पीळ नसलेली असते काय? द्विमितीय अवकाशासाठी या प्रश्नाचे होकारार्थी उत्तर शेषाद्री यांनी १९५८ मध्ये दिले. सर्व मितींसाठी ते १९७६ मध्ये डॅनिएल क्विलेन व आंद्रेई सुस्लिन यांनी स्वतंत्रपणे दिले.

नरसिंहन व शेषाद्री यांचे १९६५ मधील संयुक्त प्रमेय हे मुंबईतील या संप्रदायाचे सर्वांत प्रसिद्ध कार्य होय. वरील भूमापनाच्या उदाहरणात शेजाऱ्यांतील फरक संख्यांऐवजी लांबी न बदलणाऱ्या परिभ्रमणांनी नोंदविले, असे समजा. फेरी पूर्ण करून परत आल्यावर सदिश मूळ दिशेतच असेल असे नाही. तो काही कोनातून फिरलेला असू शकेल. वक्रावरील सर्व बंद फेऱ्यांना अशी परिभ्रमणे नेमून दिली, की त्यावर एक सदिश-रचना तयार होते. उलट बाजूने डेव्हिड मम्फर्ड यांनी निव्वळ बैजिक कारणांसाठी ‘स्थिर’ सदिश-रचना ही संज्ञा १९६२ मध्ये प्रचारात आणली होती. विशिष्ट अंकाच्या स्थिर रचना नेमक्या अविघटनीय परिभ्रमणांपासून मिळणाऱ्या रचनाच होत, असे या प्रमेयाने दाखविले. बीजगणित व संस्थितिविज्ञान यांना जोडणाऱ्या या निष्कर्षाचा प्रभाव पुढे भौतिकीतील गेज सिद्धांतापर्यंत पोहोचला.

चक्रवर्ती पद्मनाभन रामानुजम (१९३८–७४) यांचे आयुष्य अल्प होते, पण द्वैत व लोपप्रमेय यांच्याशी त्यांचा संबंध निकटचा आहे. मम्फर्ड यांनी १९६७–६८ मध्ये मुंबईत आबेलीय आकृत्यांवर दिलेल्या व्याख्यानांचा ग्रंथ १९७० मध्ये प्रसिद्ध झाला. तो सिद्ध करण्यात रामानुजम यांचा मोठा वाटा होता व आजही तो या विषयाचा प्रमाणग्रंथ मानला जातो. कोदायरा यांच्या लोपप्रमेयातील गृहीतके पृष्ठांच्या बाबतीत पुष्कळ सौम्य करता येतात, असे रामानुजम यांनी १९७२ मध्ये दाखविले. या दिशेचे सर्व मितींसाठीचे व्यापक रूप युजिरो कावामाता व एकार्ट फीवेक यांनी १९८२ मध्ये स्वतंत्रपणे सिद्ध केले, आणि आकृत्यांच्या आधुनिक वर्गीकरणात ते मूलभूत साधन ठरले.

जानेवारी १९६८ मध्ये संस्थेत बैजिक भूमितीवर आंतरराष्ट्रीय परिसंवाद भरला. त्याचा वृत्तांत १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. ग्रोतेंदीक यांनी बैजिक चक्रांविषयीच्या आपल्या ‘प्रमाण अटकळी’ प्रथम याच खंडात मांडल्या. त्या सर्वसाधारण रूपात अद्याप सिद्ध झालेल्या नाहीत. अभ्यंकर यांचा बैजिक पृष्ठांवरील असाधारण बिंदूंच्या निरसनाविषयीचा निबंधही याच खंडात आहे. व्यापक चौकट उभारणारा व समीकरण हातात धरून चालणारा, असे दोन टोकांचे विचारवंत येथे एका ग्रंथात भेटतात.

अभ्यंकर यांची वाट : अभ्यंकर यांचा जन्म उज्जैन येथे झाला व बालपण ग्वाल्हेरला गेले, तेथे त्यांचे वडील गणिताचे प्राध्यापक होते. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून १९५१ मध्ये पदवी घेऊन ते हार्व्हर्डला गेले व झारिस्की यांच्या मार्गदर्शनाखाली १९५५ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळविली. आकृतीतील असाधारण बिंदू चलांत योग्य बदल करीत टप्प्याटप्प्याने नाहीसे करता येतात काय, हा त्यांचा प्रश्न होता. अविभाज्य संख्या प इतक्या वेळा १ मिळविला असता शून्य येते अशा, म्हणजे प लक्षणांक असलेल्या, क्षेत्रांवर तो विशेष अवघड ठरतो, कारण तेथे अवकलनाची नेहमीची युक्ती निकामी होते. अशा क्षेत्रांवरील पृष्ठांसाठी हे निरसन अभ्यंकर यांनी १९५६ मध्ये सिद्ध केले. १९६६ मधील ग्रंथात प हा ५ हून मोठा असताना त्रिमितीय आकृत्यांसाठीही त्यांनी ते साध्य केले. लक्षणांक शून्य असताना हेइसुके हिरोनाका यांनी १९६४ मध्ये सर्व मितींसाठी प्रश्न सोडविला होता. धन लक्षणांकासाठी चार व त्यांहून अधिक मितींत तो अद्याप अनिर्णित आहे.

अभ्यंकर यांनी बीजगणिताचे तीन स्तर कल्पिले होते : बहुपदी व घातमालिका हाताळणारे शालेय, वलये व क्षेत्रे यांचे महाविद्यालयीन, आणि फंक्टरांचे विद्यापीठीय. यांपैकी पहिला स्तर सर्वांत सामर्थ्यवान आहे, असे प्रतिपादन त्यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या इतिहासपर लेखात केले. या लेखास १९७८ मध्ये शोव्हने पारितोषिक मिळाले. अतिअमूर्त भाषेमुळे समीकरणांतून चल काढून टाकण्याची जुनी कला विस्मृतीत जाते, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. पुणे येथे १९७६ मध्ये त्यांनी भास्कराचार्य प्रतिष्ठान ही संस्था स्थापन केली. तिच्यामुळे महाराष्ट्रातील अनेक विद्यार्थ्यांना या विषयाची वाट मोकळी झाली.

दोन वाटांचा संगम : पुढील इतिहासाने मात्र दोन्ही बाजूंना काही अंशी योग्य ठरविले. अभ्यंकर १९६३ पासून अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात होते. तेथेच जोसेफ लिपमन हे झारिस्की यांचे दुसरे शिष्य द्वैत सिद्धांतावर काम करीत. लिपमन यांनी १९७८ मध्ये पृष्ठांवरील असाधारण बिंदूंच्या निरसनाची नवी सिद्धता दिली व तिच्यात कोहोमॉलॉजी आणि द्वैत यांचाच आधार घेतला. प्रश्न अभ्यंकर यांचा, साधन ग्रोतेंदीक यांचे असा हा प्रकार होता. वैश्लेषिक मार्गाने न पोहोचणाऱ्या अधिक व्यापक आकृत्याही तिच्या कक्षेत आल्या. लिपमन यांनी सुरेश नायक व प्रमथनाथ शास्त्री या भारतीय गणितज्ञांसह द्वैतावर केलेले काम २००५ मध्ये प्रसिद्ध झाले.

दुसरे उदाहरण अभ्यंकर यांच्या १९५७ मधील अटकळीचे आहे. धन लक्षणांकाच्या क्षेत्रावर रेषेची व इतर वक्रांची आच्छादने कोणत्या गटांनी नियंत्रित होऊ शकतात, हे त्यांनी समीकरणांच्या अनुभवावरून अचूक ताडले होते. रेषेच्या बाबतीत मीशेल रेनो (१९३८–२०१८) यांनी व सर्वसाधारण वक्रांच्या बाबतीत डेव्हिड हारबाटर यांनी १९९४ मध्ये ही अटकळ सिद्ध केली. त्यासाठी ग्रोतेंदीक यांच्या परंपरेतील अवजड साधने लागली. परंतु या सिद्धता आच्छादन असते एवढेच सांगतात, त्याचे समीकरण सांगत नाहीत. ती समीकरणे अनेक गटांसाठी अभ्यंकर यांनी स्वतः लिहून दाखविली.

मुंबईत विक्रम मेहता (१९४६–२०१४) व ए. रामनाथन (१९४६–९३) यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेली फ्रोबेनियस विभाजनाची पद्धती हा या संगमाचा सुंदर नमुना म्हणता येईल. प लक्षणांक असताना बेरजेचा प घात हा घातांच्या बेरजेइतकाच असतो. शालेय विद्यार्थी चुकून जे सूत्र लिहितो, ते येथे खरे ठरते. घात करण्याची ही क्रिया एका विशिष्ट रीतीने उलटविता आली, तर वरच्या पातळ्यांवरील अनेक अडथळे तत्काळ नाहीसे होतात. ती उलटविता येते की नाही, हे कसे ठरवावयाचे? द्वैत प्रमेयानुसार त्यासाठी सर्वोच्च मितीच्या अवकल रूपांपासून बनणाऱ्या एका राशीची तपासणी पुरते, आणि ही तपासणी प्रत्यक्ष बहुपदी लिहून करता येते. कोदायरा यांचे लोपप्रमेय धन लक्षणांकात सर्वत्र खरे नसते, हे रेनो यांनी १९७८ मध्ये दाखविले होते. ते कोठे टिकते, हे शोधण्याचे साधन या पद्धतीने मिळवून दिले. तिच्या साहाय्याने मेहता व रामनाथन यांनी हेरमान शूबेर्ट यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आकृत्यांवरील लोपप्रमेये सिद्ध केली.

मूल्यमापन व अभ्यासाची साधने : कोहोमॉलॉजी अडथळा मोजते, द्वैत त्याच्या कसोट्या पुरविते; पण कसोटी लावण्यासाठी शेवटी समीकरण हातात घ्यावे लागते. व्यापक चौकटीमुळे जे प्रश्न वेगवेगळे वाटत होते ते एक झाले व इटालियन संप्रदायाच्या अपुऱ्या सिद्धतांना पाया मिळाला. उलट धन लक्षणांकातील निरसनासारख्या प्रश्नांत चौकट थबकते व तेथे प्रत्यक्ष गणनाखेरीज गत्यंतर नसते. संगणकांमुळे चल निरसनाच्या जुन्या पद्धतींना विसाव्या शतकाच्या अखेरीपासून पुन्हा महत्त्व आले आहे, आणि आजच्या संगणक प्रणाली बहुपदी दिल्यावर कोहोमॉलॉजीच्या मितीही काढून देतात.

डाउकर यांची व्याख्याने झाली त्याच सुमारास, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, मराठवाडा मुंबई राज्यास जोडला गेला. त्या वेळी तेथे स्वतंत्र विद्यापीठ नव्हते. मराठवाडा विद्यापीठ १९५८ मध्ये औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे, तर नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली या जिल्ह्यांसाठीचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ मध्ये नांदेड येथे स्थापन झाले. या विषयासाठी प्रयोगशाळा लागत नाही. रेषीय बीजगणित, क्रमनिरपेक्ष वलये, सदसत् चलांची फलने व संस्थितिविज्ञान यांची पक्की तयारी लागते. टाटा संस्थेतील जुन्या व्याख्यानांची टिपणे आता संगणकीय जाळ्यावर विनामूल्य उपलब्ध आहेत. त्यामुळे १९५६ मध्ये गेटवेजवळच्या एका खोलीत मूठभर श्रोत्यांपुरते असलेले ज्ञान लातूर किंवा नांदेड येथील पदव्युत्तर विद्यार्थ्यास आज त्याच्या मूळ रूपात वाचता येते. अभ्यंकर यांच्या १९९० मधील वैज्ञानिक व अभियंते यांच्यासाठी लिहिलेल्या बैजिक भूमितीच्या ग्रंथापासून प्रारंभ करून पुढे या टिपणांकडे वळल्यास दोन्ही वाटांची ओळख होऊ शकते.